फोनला ब्लूटूथ कीबोर्ड जोडून मराठी लिहिताना: खरेदीपासून सरावापर्यंत

रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर. इंदूरच्या या वस्त्यांमध्ये आजही घरोघरी मराठी बोललं जातं, पण लिहायची वेळ आली की हात अडतो. शाळा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाची, नोकरीतलं कामकाज हिंदीत, घरात कॉम्प्युटर असलाच तर तो दुसऱ्याच कुणाच्या ताब्यात. उरतो तो हातातला फोन. त्यावर अंगठ्याने चार ओळींचा निरोप लिहून होतो, पण मंडळाचा वार्षिक अहवाल, गणेशोत्सवाच्या स्मरणिकेतला लेख किंवा आजोबांच्या होळकरकालीन आठवणी लिहायला बसलं की दुसऱ्या परिच्छेदातच अंगठा दुखायला लागतो. मग तो लेख राहून जातो. असे राहून गेलेले लेख आपल्या गावात फार आहेत आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

फोनला किंवा टॅबलेटला बिनतारी कीबोर्ड जोडला की ही अडचण बरीचशी सुटते. कल्पना जुनीच आहे. १९९९ मध्ये पाम कंपनीच्या तळहातावर मावणाऱ्या संगणकासाठी घडी घालून खिशात ठेवता येईल असा कीबोर्ड बाजारात आला होता. पुढे इन्फ्रारेडवर चालणारे आले. त्यात कीबोर्ड आणि यंत्र समोरासमोर ठेवावं लागायचं. आता ब्लूटूथमुळे तीही अट राहिली नाही. कीबोर्ड मिळणं आज सोपं आहे, जोडणं त्याहून सोपं. खरं काम आहे ते त्यावर मराठी नीट उमटवण्याचं. दुकानदार हे सांगत नाही, कारण तो इंग्रजी टाइप करून दाखवतो आणि तेवढ्यावर आपण पैसे देऊन मोकळे होतो.

आधी घरातल्या जुन्या कीबोर्डवर करून पाहा

नवीन काही घेण्याआधी एक स्वस्तातला प्रयोग करा. घरात किंवा एखाद्या मित्राच्या ऑफिसात डेस्कटॉपचा तारेचा जुना यूएसबी कीबोर्ड पडलेला असतोच. फोनच्या टाइप-सी खाचेत बसणारा ओटीजी कनेक्टर जेल रोडवरच्या मोबाइलच्या दुकानांत सहज मिळतो. तो फोनला लावा, त्यात कीबोर्डची तार खोचा. बहुतेक अँड्रॉइड फोन तो लगेच ओळखतात. काही फोनमध्ये ओटीजी सेटिंग्जमधून चालू करावं लागतं, तेवढं तपासा.

आता आठ-दहा दिवस यावरच लिहून पाहा. बोटांना टाइप करायला आवडतंय का, फोनचा पडदा पुरतो की टॅबलेट लागेल, टेबलावर बसून लिहिणार की पलंगावर, हे सगळं या दिवसांत कळतं. खाली दिलेला मराठीचा सगळा भागही या जुन्या कीबोर्डवर जसाच्या तसा लागू होतो. सवय जमली की मगच खरेदीला निघा. ज्येष्ठांच्या बाबतीत तर हा प्रयोग टाळूच नका. हौसेने आणलेला कीबोर्ड कपाटात जाऊन बसला की पुन्हा प्रयत्न करायची उमेदही जाते.

कीबोर्ड निवडताना: विरामचिन्हांची बटणं मोजा

हा भाग सावकाश वाचा, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते.

छोटे कीबोर्ड इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून बनवलेले असतात. जागा वाचवायची म्हणून बनवणारा अक्षरांना हात लावत नाही. चौकोनी कंस, तिरकी रेघ, अवतरण चिन्ह, बरोबरचं चिन्ह अशी बटणं काढतो, अर्धी करतो किंवा ‘एफएन’ नावाचं बटण सोबत दाबून मिळतील अशी दुसऱ्या बटणांवर चढवतो. इंग्रजी लिहिणाऱ्याला त्याने फारसा फरक पडत नाही. आपल्याला पडतो, कारण भारत सरकारने प्रमाण ठरवलेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत नेमक्या याच बटणांवर आपली रोजची अक्षरं बसवलेली आहेत. अर्धविरामाच्या ; बटणावर च आणि छ आहेत. त्याच्या शेजारच्या ' वर ट आणि ठ. [ वर ड आणि ढ. / वर य. \ वर ॉ आणि ऑ. = वर ृ आणि ऋ. शिफ्ट धरून स्वल्पविराम दाबला की ष येतो आणि शिफ्ट धरून - दाबलं की विसर्ग.

य आणि च यांच्याशिवाय मराठीचं एक वाक्य पुरं होत नाही. ‘च्या’ हा प्रत्यय टाइप करताना दर वेळी एफएन दाबावं लागलं तर माणूस तासाभरात कंटाळतो. म्हणून दुकानात गेल्यावर रंग, वजन, दिवे हे नंतर बघा. आधी उजव्या हाताकडची बटणं बघा: पी-च्या पुढे [ , ] आणि \ अशी तीन स्वतंत्र बटणं, एल-च्या पुढे ; आणि ' ही दोन, एम-च्या पुढे स्वल्पविराम, पूर्णविराम आणि / ही तीन, शून्याच्या पुढे - आणि = ही दोन. एकूण दहा. दहाही स्वतंत्र आणि पुरेशा रुंदीची असतील तरच पुढे बोला. सात इंची टॅबलेटच्या चामडी कव्हरात शिवलेले कीबोर्ड या परीक्षेत बहुधा नापास होतात.

घडीचे कीबोर्ड खिशात मावतात, पण ते मधोमध दुभंगतात. टी-जी-बी एका बाजूला आणि वाय-एच-एन दुसऱ्या बाजूला, मध्ये बिजागरी. ज्यांना एका हाताचं बोट दुसऱ्या हाताच्या हद्दीत न्यायची सवय आहे, त्यांची तिथे चूक होत राहते. शिवाय मांडीवर ठेवलं की काहींची बिजागरी मिटते. अवंतिका एक्स्प्रेसने मुंबईला जाताना बर्थवर बसून लिहायचं असेल तर एकसंध, ताठ अंगाचा कीबोर्डच घ्या. लॉजिटेकचा के-३८० हे अशा अंगाचं एक उदाहरण: वजन ४२३ ग्रॅम, दोन ट्रिपल-ए सेलवर चालणारा, तीन यंत्रांशी आलटून पालटून जोडता येणारा आणि वरची दहा बटणं स्वतंत्र असलेला. त्याच कंपनीच्या के-४८० ला फोन किंवा टॅबलेट उभा करायला खाच आहे, पण तो चांगलाच जड आहे. घरात एका जागी ठेवायला बरा. हेच घ्या असं माझं म्हणणं नाही, पण कशाशी ताडून बघायचं हे माहीत असलं की दुकानात बोलायला सोपं जातं.

सेलवर चालणारा घ्यावा की चार्ज होणारा? लिहिणं अधूनमधून होणार असेल तर सेलवाला. चार महिने पडून राहिला तरी सेल बदलला की काम सुरू, आणि सेल कोपऱ्यावरच्या किराण्याच्या दुकानातही मिळतात. सेल गळून आतले पत्रे खराब होऊ नयेत म्हणून फार दिवस वापर नसेल तेव्हा ते काढून ठेवा. रोज लिहिणाऱ्याला चार्जवाला सोयीचा. तो मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. लिथियमच्या बॅटरीला तो उष्मा सोसत नाही.

आणखी एक प्रकार मिळतो: ब्लूटूथ नसलेला, बोटाच्या पेराएवढा रिसीव्हर लावायचा बिनतारी कीबोर्ड. तो फोनलाही ओटीजीने चालतो आणि जोडणीची भानगड नसते. पण फोनची एकुलती एक खाच त्यात अडकते, म्हणजे लिहिताना चार्जिंग बंद. रिसीव्हर हरवला की कीबोर्डही गेला. फोनसाठी ब्लूटूथच घ्यावा, असं माझं मत आहे.

दुकानात स्वतःचा फोन घेऊन जा आणि तिथेच जोडून पाहा. मराठीची पुढे सांगितलेली तयारी फोनमध्ये घरीच करून ठेवली असेल तर काउंटरवर हे शब्द टाइप करा: चटणी, यात्रा, डोळे, ऑफिस, कृष्ण, दुःख, ज्ञान, वाङ्मय, दऱ्याखोऱ्या. एवढे सुरळीत उमटले तर कीबोर्ड मराठीच्या कामाचा आहे.

बटणांवर चिकटवायची हिंदी अक्षरं

इंदुरात कीबोर्डवर चिकटवायची देवनागरी अक्षरं मिळतात, पण घेताना मांडणी पाहून घ्या. मध्य प्रदेशात काही सरकारी नोकऱ्यांसाठी सीपीसीटी ही संगणकाची परीक्षा द्यावी लागते आणि तिच्यात हिंदी टाइपिंगला जुन्या टाइपरायटरच्या वळणाची रेमिंग्टन गेल आणि इनस्क्रिप्ट अशा दोन्ही मांडण्या चालतात. त्यामुळे बाजारात दोन्ही प्रकार फिरतात. ओळखायची खूण सोपी आहे. के-च्या बटणावर क असेल तर इनस्क्रिप्ट, डी-च्या बटणावर क असेल तर रेमिंग्टन.

घरात कुणी रेमिंग्टन शिकलेलं असेल, तर त्यांना एक गोष्ट आधीच सांगा. रेमिंग्टनमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करतात, कारण ती दिसते आधी. इनस्क्रिप्टमध्ये ती अक्षरानंतर येते, कारण उच्चारात ती नंतर येते. सुरुवातीचा सगळा गोंधळ इथेच होतो. तो ओलांडला की बाकीचं जमतं.

माझा सल्ला विचाराल तर अक्षरं चिकटवूच नका. त्याऐवजी मांडणीचा तक्ता कागदावर छापून फोनच्या मागे उभा करा. नजर वर राहते आणि बोटं लवकर शिकतात. ज्यांची नजर अधू आहे त्यांच्यासाठी मात्र ठळक अक्षरांचे स्टिकर लावा, त्यात काही वावगं नाही.

जोडणी

कीबोर्ड चालू करा. ब्लूटूथचं चिन्ह असलेलं बटण दिवा भरभर लुकलुकेपर्यंत दाबून धरा. काही कीबोर्डांत त्यासाठी एफएन आणि आणखी एक बटण सोबत दाबावं लागतं. ते डब्यातल्या कागदावर लिहिलेलं असतं. फोनमध्ये ब्लूटूथच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ‘नवीन डिव्हाइस जोडा’ निवडा. यादीत कीबोर्डचं नाव आलं की त्यावर टिचकी मारा. फोनच्या पडद्यावर आकडे दिसले तर ते आकडे कीबोर्डवर टाइप करून एंटर दाबायचं असतं. अनेकजण इथे फोनवरच आकडे शोधत बसतात आणि जोडणी फसते. काही कीबोर्ड आकडे न मागताच जोडले जातात.

तीन यंत्रांचा कीबोर्ड असेल तर आजीचा टॅबलेट एक नंबरवर, तुमचा फोन दोनवर असं ठरवून टाका आणि मागच्या बाजूला चिठ्ठी चिकटवा. ‘कीबोर्ड बिघडला’ अशी जी तक्रार येते, तिच्यामागे पुष्कळदा तो भलत्याच नंबरवर असतो एवढंच असतं.

जोडणी झाली की अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, मग सिस्टीम, मग भाषा आणि इनपुट, मग फिजिकल कीबोर्ड असं जा. सॅमसंगच्या फोनमध्ये हे जनरल मॅनेजमेंटखाली सापडतं. इथे दोन गोष्टी करा. मांडणी ‘इंग्लिश यूएस’ ठेवा. मराठीसाठी हे का, ते पुढे येतंच. आणि पडद्यावरचा कीबोर्ड दाखवायचा की लपवायचा, तो पर्याय बघून घ्या. लपवला की फोनचा अर्धा पडदा मोकळा होतो आणि लिहिलेलं दिसतं. बाहेरचा कीबोर्ड जोडण्याचा निम्मा फायदा या मोकळ्या झालेल्या पडद्यातच आहे.

आता मराठी

फोनवर आपण बहुतेक जण गूगलच्या जीबोर्डवर मराठी लिहितो: रोमन अक्षरांत ‘काय’ लिहिलं की देवनागरी सुचतं. बाहेरचा कीबोर्ड जोडला की पुष्कळ फोनवर ही सोय नीट चालत नाही आणि थेट इंग्रजी अक्षरं उमटू लागतात. तुमच्या फोनवर ती चालत असेल तर उत्तम. नसेल तर कीबोर्डला किंवा दुकानदाराला दोष देऊ नका. बाहेरच्या बटणांचं मराठीत रूपांतर करणारं ॲप घ्यावं लागेल.

त्यासाठी मी कीमॅन सुचवतो. हे मोफत ॲप आहे, जगभरच्या शेकडो भाषांसाठी बनवलेलं, आणि ते बाहेरच्या कीबोर्डवर दाबलेली बटणंही ओळखतं. प्ले स्टोअरमधून ते घ्या. उघडल्यावर सुरुवातीच्या यादीत तीन कामं दिसतात आणि ती त्याच क्रमाने करायची: आपल्या भाषेचा कीबोर्ड घाला, कीमॅनला पूर्ण फोनसाठी परवानगी द्या, आणि त्याला मुख्य कीबोर्ड करा. भाषेच्या शोधात ‘मराठी’ टाका. एकाहून जास्त मांडण्या दिसल्या तर इनस्क्रिप्टच्या धर्तीची घ्या. परवानगी देताना फोन एक इशारा दाखवतो की हे ॲप तुम्ही लिहिलेलं सगळं वाचू शकेल. हा इशारा प्रत्येक कीबोर्ड-ॲपसाठी येतो आणि तो खराच आहे. म्हणूनच अनोळखी, जाहिरातींनी भरलेली ‘मराठी कीबोर्ड’ ॲप्स टाळा.

कीमॅन ‘इंग्लिश यूएस’ मांडणीतली बटणं घेऊन त्यांची मराठी करतं, म्हणून वर फोनची मांडणी तीच ठेवायला सांगितली. इंग्रजी शब्द लिहायचा असेल तेव्हा भाषा बदलावी लागते. पडद्यावर पृथ्वीगोलाचं चिन्ह असतं, त्याने बदलते. ते हाताशी यावं म्हणून सुरुवातीला पडद्यावरचा कीबोर्ड लपवू नका. हात बसला की लपवा.

आयपॅड किंवा आयफोन असेल तर वेगळं ॲप न घेताही काम भागतं. सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड, कीबोर्ड्स असं जाऊन मराठी घाला. बाहेरचा कीबोर्ड जोडलेला असताना जनरलमधल्या कीबोर्डच्या पानावर ‘हार्डवेअर कीबोर्ड’ नावाची ओळ दिसते, तिथे मांडणी तपासा. भाषा बदलायला कंट्रोल आणि स्पेस. विंडोजचा टॅबलेट असेल तर तिथे मराठीची मांडणी पूर्वीपासून आहे, आणि विंडोज १० च्या २०१९ मधल्या आवृत्तीपासून रोमन उच्चारांवरून मराठी उमटवणारा फोनेटिक कीबोर्डही आहे. विंडोजचं बटण आणि स्पेस दाबून भाषा बदलते.

इंदूरकरांसाठी एक सूचना: हिंदीच्या मांडणीवरही मराठी लिहिता येतं म्हणून त्यावर भागवू नका. पडद्यावरचा कीबोर्ड हिंदीवर असला की ‘नाही’ लिहिताना ‘नहीं’ सुचवतो आणि घाईत तेच जातं. आपल्या मराठीत हिंदी आधीच पुरेशी मिसळली आहे. निदान यंत्राने तरी तिच्यात भर घालू नये.

इनस्क्रिप्ट हाताला कसं बसवायचं

या मांडणीला तर्क आहे, आणि तो एकदा कळला की पाठांतर फार उरत नाही. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. साधं बटण दाबलं की मात्रा, शिफ्टसह तोच पूर्ण स्वर: एफवर ि आणि शिफ्टसह इ, जीवर ु आणि शिफ्टसह उ. व्यंजनांत साधं बटण म्हणजे अल्पप्राण, शिफ्टसह त्याचा महाप्राण: केवर क-ख, एलवर त-थ, एचवर प-फ, आयवर ग-घ, ओवर द-ध, पीवर ज-झ, वायवर ब-भ. डी म्हणजे हलन्त, म्हणजेच जोडाक्षराचा सांधा. आणि शिफ्ट-डी म्हणजे अ.

पहिला शब्द ‘पुस्तक’ घ्या: एच, जी, एम, डी, एल, के. सहाही बटणांना शिफ्ट लागत नाही आणि एक जोडाक्षरही येतं. मग ‘इंदूर’: शिफ्ट-एफ, एक्स, ओ, टी, जे. मग ‘मराठी’: सी, जे, ई, शिफ्ट-', आर. मग ‘बाळ’: वाय, ई, शिफ्ट-एन. ळ या शिफ्ट-एनवर आहे, त्याच बटणावर साधा ल. ण शिफ्ट-सीवर, श शिफ्ट-एमवर. क्ष हवा असेल तर के, डी, शिफ्ट-स्वल्पविराम, ज्ञसाठी पी, डी, शिफ्ट-]. काही मांडण्यांत आकड्यांच्या ओळीवर शिफ्टसह ही जोडाक्षरं तयारही असतात.

आपल्या भाषेतला अवघड र इथे स्वच्छ सुटतो. जेवर र आहे आणि शिफ्ट-जेवर ऱ. ‘सूर्य’ लिहिताना साधा र: एम, टी, जे, डी, /. ‘दऱ्या’ लिहिताना शिफ्टचा ऱ: ओ, शिफ्ट-जे, डी, /, ई. साधा र टाकला तर डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्राचा दर्या होतो. हिंदीत या ऱ्याची गरज पडत नाही, त्यामुळे हिंदी टाइपिंग शिकवणारे तो शिकवत नाहीत. मराठी मुलांना तो तुम्हीच दाखवा.

‘ॲप’, ‘ॲडमिशन’ यांतला ॲ मांडणीगणिक वेगळ्या बटणावर असतो. तो एकच स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना समजणाऱ्या अक्षरांच्या जागतिक प्रमाणात, २००८ साली आला. त्याआधीची पद्धत म्हणजे अ लिहून त्यावर चंद्र देणं. दोन्ही दिसायला सारखंच, पण यंत्राच्या लेखी निराळं. शोध घेताना एक सापडतं, दुसरं सापडत नाही. कुठलंही एक धरा आणि पूर्ण लेखात तेच ठेवा. स्मरणिकेचं संपादन करणाऱ्यांनी याकडे जरूर लक्ष द्यावं.

खोडताना दोन बटणांतला फरक लक्षात ठेवा. बॅकस्पेस एकेक चिन्ह मागे जातो: ‘स्ति’मधली आधी वेलांटी जाते, मग त, मग हलन्त. डिलीट बटण बहुधा पुढचं अख्खं जोडाक्षर एकदम घेतं. म्हणून चुकलेली मात्रा दुरुस्त करायला अक्षराच्या पुढे जाऊन बॅकस्पेस वापरा. पूर्ण अक्षर पुन्हा लिहावं लागत नाही.

रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतात, पण ती रोजची हवीत. मनाने रचायला जाऊ नका, समोर मजकूर ठेवून उतरवा: एखादा अभंग, मनाचा श्लोक, आजीची पाककृती. काय लिहायचं हा विचार डोक्यात नसला की बोटं मांडणी शिकतात. मुलांना अभंग द्यायचा एक फायदा असा की जोडाक्षरं भरपूर मिळतात आणि अभंगही पाठ होतो.

लिहायला बसताना

फोन टेबलावर आडवा ठेवून मान खाली घालून लिहू नका. दोन जाड पुस्तकांवर स्टँड ठेवून पडदा डोळ्यांच्या पातळीजवळ आणा. कीबोर्ड सुटा असल्याचा हा मोठा लाभ आहे. साठीपुढच्या माणसांसाठी फोनऐवजी दहा इंची टॅबलेट घ्या आणि अक्षरांचा आकार वाढवा.

कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही, कंट्रोल-झेड हे अँड्रॉइडवरही चालतात. कंट्रोल धरून बाण दाबला की शब्दाशब्दाने पुढेमागे जाता येतं, सोबत शिफ्ट धरली की शब्द निवडले जातात. ऑल्ट-टॅबने एका ॲपमधून दुसऱ्यात. अँड्रॉइडवर विंडोजच्या किंवा शोधाच्या चिन्हाचं बटण धरून / दाबलं की शॉर्टकटची यादीच पडद्यावर येते. आयपॅडवर कमांड बटण दाबून धरा.

मजकूर मराठी युनिकोडमध्येच ठेवा. छापखान्यात द्यायची वेळ आली की कदाचित कृतिदेव या युनिकोडबाहेरच्या जुन्या फॉन्टमध्ये मागतील, कारण आपल्याकडे हिंदीची छपाई वर्षानुवर्षं त्यावर चालली. रूपांतर त्यांना करू द्या, पण परत आलेल्या प्रुफात ळ, ऱ्य, ॲ आणि ऑ हे डोळ्यांत तेल घालून तपासा. रूपांतरात हीच अक्षरं हरवतात. ल आणि श हिंदी वळणाचे दिसले तर घाबरू नका. ते फॉन्टचं वळण आहे, मजकूर तोच असतो. छापील अंकात मात्र मराठी वळणाचा फॉन्ट मागून घ्या.

अडलं तर

थोडा वेळ विचार करून पुन्हा लिहायला घेतलं की पहिलं अक्षर गळतं. कीबोर्ड बॅटरी वाचवायला झोपलेला असतो. लिहिण्याआधी नुसतं शिफ्ट दाबा, क्षणभर थांबा, मग लिहा.

अक्षरं उशिरा येतात किंवा एकाच अक्षराची रांग लागते. आधी सेल बदला. तरी होत असेल तर आजूबाजूला बघा: ब्लूटूथ आणि बहुतेक घरांतलं वायफाय दोघंही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. राउटरला ५ गिगाहर्ट्झची सोय असेल तर फोन त्यावर न्या. मायक्रोवेव्ह चालू असताना स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिणंही टाळा.

जोडलेला दिसतो पण काहीच उमटत नाही. फोनच्या यादीतून त्याला ‘विसरा’, कीबोर्ड बंद करून चालू करा आणि नव्याने जोडा. इंग्रजीच उमटतं, मराठी नाही: फोनच्या अपडेटनंतर मुख्य कीबोर्ड परत जीबोर्ड झालेला असतो, कीमॅन पुन्हा निवडा.

सुरक्षेबद्दल

तुम्ही जोडणी सुरू केलेली नसताना कुठलं डिव्हाइस जोडू का असं विचारलं तर नाही म्हणा. त्यापलीकडे एक तांत्रिक गोष्ट आहे. डिसेंबर २०२३ मध्ये ब्लूटूथमधली एक त्रुटी जाहीर झाली. तिच्यामुळे जवळपास असलेला माणूस तुमच्या संमतीशिवाय खोटा कीबोर्ड जोडून तुमच्या फोनवर बटणं दाबू शकत होता. अँड्रॉइड ११ ते १४ साठी त्याच महिन्याच्या सुरक्षा अपडेटमध्ये दुरुस्ती आली, अँड्रॉइड १० आणि त्याआधीच्या फोनना ती मिळाली नाही. सेटिंग्जमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख बघा. ती डिसेंबर २०२३ च्या आधीची असेल आणि पुढचं अपडेट मिळत नसेल, तर लिहून झालं की ब्लूटूथ बंद करायची सवय लावा, विशेषतः सरवटे बस स्थानक किंवा रेल्वे स्टेशनसारख्या गर्दीत. आजी-आजोबांना लिहायला म्हणून घरातला जुना फोन दिला जातो. त्याची तारीख आधी तपासा, आणि त्यात बँकेचं ॲप असेल तर ते काढून टाका.